१९६५ ची मॉरिस मायनर १०००: घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती आणि सुधारणा कोणत्या क्रमाने करावी?

सोअरकाठचा (लेस्टर)

नमस्कार मंडळी.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. या वर्षी मी १९६५ सालची मॉरिस मायनर १००० विकत घेतली. गाडी चार दरवाजांची सलून असून तिच्यात मूळचेच १०९८ सीसीचे इंजिन आहे. बरीच वर्षे ती एका शेडमध्ये उभी होती. वरचा पत्रा आणि रंग चांगला दिसतो, पण गालिचा उचलल्यावर ड्रायव्हरच्या पायाशी आणि दोन्ही बाजूंच्या सिल्सच्या (दरवाजांखालच्या लांब पट्ट्यांच्या) टोकांना गंजाने पडलेली भोके दिसली. वेगळ्या डब्यातून ताजे पेट्रोल दिल्यावर इंजिन चालू झाले आणि त्याचा आवाजही स्वच्छ आहे. ब्रेकचे पेडल मात्र थेट तळाला जाते. विद्युतरचना मूळचीच, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेली) आहे आणि वीज बनवणारा जुना डायनॅमोही जागेवर आहे.

माझ्याकडे एका गाडीपुरते गॅरेज आहे. जमीन सपाट काँक्रीटची आहे, पण खड्डा नाही. मिग वेल्डिंगचे प्राथमिक शिक्षण मी संध्याकाळच्या वर्गात घेतले आहे. गाडी नुसती प्रदर्शनात उभी करायची नसून सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगराळ भागापर्यंत न्यायची आहे आणि गरज पडल्यास एम-१ महामार्गावरही घालायची आहे. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, १२७५ सीसीचे इंजिन आणि पाच गियरचा गियरबॉक्स अशी यादी मनात तयार झाली आहे. सगळे एकदम करण्याइतके पैसे आणि वेळ नाही. सुरुवात कुठून करावी आणि या यादीतले खरोखर आवश्यक काय, याबद्दल अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

डर्बीकर

अभिनंदन. आपली यादी वाईट नाही, पण तिच्यातली पहिली ओळच राहून गेली आहे आणि ती ओळ म्हणजे पत्रा.

मायनरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. जमिनीचा पत्रा, सिल्स, पुढचे दोन चासी-लेग (इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया) आणि पुढच्या आसनांखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर हे सारे एकमेकांना वेल्ड केलेले असते आणि गाडीची ताकद या जोडणीतच असते. पुढचे सस्पेन्शन टॉर्शन बारचे, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या लांब सळईचे आहे. त्या बारचे मागचे टोक याच क्रॉसमेंबरला धरलेले असल्यामुळे, तिथला पत्रा कुजला तर गाडीच्या पुढच्या भागाचा भार पेलणारा आधारच कमकुवत होतो. म्हणून पहिल्या दिवशी एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली जावे आणि क्रॉसमेंबरची दोन्ही टोके, जॅक लावण्याच्या जागा, चासी-लेग, मागच्या कमानपाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि सिल्सच्या आतल्या पट्ट्या निर्दयपणे टोचून पाहाव्यात. अंडरसीलचा (गाडीखाली लावलेल्या गंजरोधक लेपाचा) जाड काळा थर दिसला की समाधान मानू नये. त्याच्या आत ओल अडकून पत्रा पापडासारखा झालेला असतो आणि वरून काहीच कळत नाही.

सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवा-तिरपा आधार वेल्ड करून किंवा बोल्टने घट्ट बसवून घ्यावा आणि दरवाजांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. आपली गाडी चार दरवाजांची आहे, त्यामुळे मधल्या खांबाचा पायही सिलवरच उभा आहे. आधार न देता सिल कापली तर बॉडी किंचित खचते आणि नंतर दरवाजा कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू करावी. पेट्रोलची टाकी बूटच्या (मागच्या डिकीच्या) तळाखाली असते. मागच्या भागात वेल्डिंग करायचे असेल तर ती नुसती रिकामी करून भागत नाही, पूर्ण काढून गॅरेजच्या बाहेर ठेवावी लागते. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक आणि सीटबेल्ट जिथे बसतात त्या जागांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज एमओटीचे (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीचे) तपासनीस विशेष कडकपणे पाहतात. तिथे ठिगळ रिव्हेटने किंवा फायबरने लावू नये, कडेने सलग वेल्डिंग करावे.

आता ब्रेक. मायनरचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा) इंजिनजवळ नसून ड्रायव्हरच्या पायाखाली चासी-लेगमध्ये बसवलेला असतो आणि त्यात ब्रेक ऑइल घालण्यासाठी गालिचा उचलून जमिनीतले झाकण काढावे लागते. आपला गंज नेमका तिथेच आहे. म्हणजे ब्रेक आणि वेल्डिंग ही आपल्या बाबतीत दोन वेगळी कामे नाहीत. सिलिंडर आधी बाहेर काढावा, त्या जागेचा पत्रा नवा करावा, रंग वाळू द्यावा आणि मगच नवा सिलिंडर बसवावा. तो काढताना त्याचे लांब बोल्ट बाहेर ओढू लागलात की टॉर्शन बार आडवा येतो. या जागी बहुतेक नवशिक्यांचा संयम सुटतो. बार थोडा सरकवल्याशिवाय ते निघत नाहीत. परत बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घातले तर पुढच्या खेपेला हा त्रास राहत नाही.

सिलिंडर बदलला की चाकांजवळचे जुने व्हील सिलिंडर आणि रबरी नळ्या ठेवण्यात अर्थ नाही, कारण एकच सर्किट असल्यामुळे एक सील फुटले तर चारही चाकांचा ब्रेक जातो. धातूच्या नळ्यांसाठी तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी घ्यावी. ती हाताने वळते आणि गंजत नाही. ड्रम उघडल्यावर आतली जुनी धूळ फुंकणीने उडवू नये. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ साली आली आणि आपल्या गाडीतले लायनर त्याआधीचे असू शकतात, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे.

डिस्कबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. १०९८ च्या गाडीला पुढे ८ इंची ड्रम असून दोन्ही शू लीडिंग (ड्रमच्या फिरण्यानेच आणखी आवळणारे) असतात. सारे भाग नवे असले आणि ॲडजस्टमेंट नीट केली असली तर ४८ अश्वशक्तीच्या गाडीला ते पुरतात. तोटा दिसतो तो लांब उतारावर, जिथे ड्रम तापले की पेडलला जोर जास्त द्यावा लागतो. पीक डिस्ट्रिक्टमध्ये चार माणसे बसवून नेहमी जाणार असाल तर डिस्क पुढे कधीतरी जरूर बसवा, परंतु गळक्या यंत्रणेवर डिस्क बसवून काहीच साधत नाही. आणि बसवाल तेव्हा ड्रमसाठी असलेला मास्टर सिलिंडरमधला रेसिड्युअल (नळीत थोडा दाब कायम ठेवणारा) व्हॉल्व्ह काढावा लागतो, नाहीतर पॅड डिस्कला घासत राहतात. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळण्याची मदत मिळत नाही, त्यामुळे पेडल जड लागते आणि सर्व्होचा (पेडलला जास्तीचा जोर देणाऱ्या यंत्रणेचा) खर्चही येतो. विकत घेण्यापूर्वी तो संच आपल्या मूळच्या १४ इंची चाकात मावतो ना, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

जुना फिटर (पुणे)

मी मायनरवर फार काम केलेले नाही, पण आयुष्य अ‍ॅम्बॅसेडरखाली गेले आहे आणि अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिकाच होय. उत्तरपाड्याला ती २०१४ पर्यंत बनत होती. पुढे टॉर्शन बार, मागे कमानपाटे, हा सारा एकाच घराण्याचा कारभार आहे. डर्बीकरांनी पत्र्याचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी फक्त पुढच्या चाकांबद्दल लिहितो, कारण या गाडीत माणूस जखमी होण्याची खरी जागा तीच आहे.

मायनरच्या स्विव्हल पिनची (पुढचे चाक ज्या उभ्या खांबाभोवती वळते त्याची) वरची आणि खालची टोके आटे पाडलेली असून ती ट्रनियनमध्ये, म्हणजे आट्यांच्या धातूच्या ठोकळ्यांत, फिरतात. स्टिअरिंग वळवताना हेच आटे एकमेकांवर सरकतात आणि गाडीचा भारही त्यांच्यावरच असतो. ग्रीस मिळाले नाही की आटे झिजतात, पाणी शिरून गंजतात आणि एक दिवस पिन ट्रनियनमधून सुटून चाक बाहेरच्या बाजूला आडवे पडते. हे बहुधा कमी वेगात, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना होते, हे नशीब. पण आपण महामार्गाची भाषा करत आहात, म्हणून नशिबावर विसंबू नये. चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवावे. खट्-खट् जाणवले तर आधी व्हील बेअरिंग, मग ट्रनियन तपासावा. उजव्या आणि डाव्या बाजूच्या पिनांचे आटे उलटसुलट दिशेचे असतात, त्यामुळे दुकानातून भाग मागवताना बाजू सांगावी.

ग्रीस भरताना चाकावरचा भार काढून घ्यावा, म्हणजे दाबलेल्या बाजूलाही ग्रीस पोचते. जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवावी. आमच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड असे. ती ट्रायम्फची गाडी असल्याने तिच्या खालच्या ट्रनियनला ग्रीस नव्हे, गियर ऑइल लागे. दोन्हीकडे नाव एकच असल्यामुळे लोक इंटरनेटवर वाचून गोंधळ करतात. आपल्या मायनरला ग्रीसच.

टॉर्शन बारमध्ये सतत पीळ असतो. गाडी अ‍ॅक्सल स्टँडवर उभी असताना खालच्या आर्मखाली जॅक न लावता वरची जोडणी सोडली, तर आर्म वेगाने खाली येतो आणि हात मोडतो. बार काढलाच तर डावा-उजवा अशी खूण करावी. एकदा एका दिशेने पीळ बसलेला बार दुसऱ्या बाजूला घालायचा नसतो. त्याच्यावर पान्याचा ओरखडाही उठू देऊ नये, तडा तिथूनच सुरू होतो.

आणखी एक. पुढच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा आर्म हाच सस्पेन्शनचा वरचा आर्म आहे. त्याचे बुश गेले की केवळ गाडी उसळते असे नाही, तर चाकाचा कोनही बदलतो. ऑइल गळत असेल तर नुसते भरून वेळ मारून नेऊ नये.

व्होल्टमीटर (कॉव्हेंट्री)

विद्युत भागाबद्दल थोडे हिशेबाने लिहितो.

ल्युकस कंपनीचा सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त सुमारे २२ अँपियर देतो, म्हणजे १२ व्होल्टला साधारण २६० वॉट. आपण ६०/५५ वॉटचे हॅलोजन दिवे घातले, तर पुढच्या दोन दिव्यांनाच १० अँपियर लागतात. वायपर, हीटरचा पंखा, मागचे दिवे आणि इग्निशन धरले तरी धावत्या गाडीत हिशेब जुळतो. अडचण सिग्नलला उभे असताना येते, कारण मंद गतीवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सारा भार बॅटरीवर पडतो. रात्री, पावसात, शहरात गाडी चालवायची असेल तर अल्टरनेटर योग्य आहे. उन्हाळ्यातल्या रविवारपुरती गाडी असेल तर चांगला डायनॅमो आणि एलईडीचे मागचे दिवे एवढ्यावर भागते.

अल्टरनेटर बसवणार असाल तर गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागेल. भीती वाटते तेवढे ते कठीण नाही. बॅटरी फिरवून ठेवावी आणि तिच्या टोकांना बसतील अशा तारा घ्याव्यात. कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करावी, नाहीतर ठिणगीची दिशा उलटी होऊन ती पाडायला जास्त व्होल्टेज लागते आणि थंडीत गाडी कुरकुरते. स्टार्टरला काही करावे लागत नाही. मूळचा वायपर मोटरही दोन्ही प्रकारांत तसाच फिरतो. एस-यू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप साध्या पॉइंटचा असेल तर त्यालाही चालते, पण कोणी पूर्वी त्यात डायोड किंवा इलेक्ट्रॉनिक संच घातला असेल तर तो पॉझिटिव्ह अर्थसाठीचा असू शकतो, म्हणून आधी उघडून पाहावे. जुना रेडिओ असेल तर तो आधी सोडवावा. नंतर बसवलेल्या पंख्याचा मोटर कायम चुंबकाचा असेल तर तो उलटा फिरू लागेल. डायनॅमो ठेवूनच ध्रुव बदलायचे असतील तर डायनॅमोच्या एफ टोकाला बॅटरीच्या जिवंत टोकाची तार क्षणभर लावून त्याचे चुंबकत्व नव्या दिशेने बसवावे लागते. हे करताना एफची तार कंट्रोल बॉक्सपासून सोडवलेली असावी.

या सगळ्याच्याही आधी एक स्वस्त सुधारणा करावी, असे मी आग्रहाने सांगेन. मायनरमध्ये मूळचे दोनच फ्यूज असतात आणि हेडलाइट त्या दोहोंपैकी एकावरही नाहीत. साठ वर्षांच्या जुन्या वेष्टनाची तार कुठेतरी बॉडीला घासली तर ती तापून पेटेपर्यंत तिला अडवणारे काही नाही. हेडलाइटसाठी दोन रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालावेत. दिवे उजळ होतात आणि पायाने दाबायच्या डिपर स्विचवरचा ताणही जातो. ल्युकसच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेले ३५ हे तो उडण्याचे माप आहे, सतत वाहण्याचे माप त्याच्या जवळजवळ निम्मे आहे. आधुनिक ३५ अँपियरचा फ्यूज त्याच्या जागी घालू नये.

सोअरकाठचा (लेस्टर)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेलो होतो. डाव्या बाजूला क्रॉसमेंबरच्या टोकात तो सरळ आत गेला. उजवे टोक टणक आहे. डावे पुढचे चाक हलवल्यावर खट्-खट् जाणवते, उजवे नाही.

आता दोन शंका. मोठे इंजिन घातले तर ऐतिहासिक वाहन म्हणून मिळणाऱ्या सवलती जातात का? आणि हल्लीचे पेट्रोल या इंजिनाला चालते का?

डर्बीकर

चाळीस वर्षे झालेल्या वाहनाला २० मे २०१८ पासून एमओटीची सक्ती नाही, मात्र गेल्या तीस वर्षांत त्यात मूलभूत बदल झालेला नसावा, अशी अट आहे. त्याच जातीच्या इंजिनाची वेगळी क्षमता हा मूलभूत बदल मानला जात नाही आणि १२७५ हे आपल्या १०९८ सारखे ए-सिरीज घराण्याचेच इंजिन आहे. सुरक्षिततेसाठी केलेल्या ब्रेकच्या सुधारणेचीही अडचण नसते. सस्पेन्शनचा किंवा स्टिअरिंगचा प्रकारच बदलला तर मात्र प्रश्न निर्माण होतो. इंजिन बदलल्यावर त्याचा क्रमांक आणि क्षमता डीव्हीएलएला (ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाला) कळवून नोंदणीपत्रात दुरुस्ती करून घ्यावी आणि विमा कंपनीला प्रत्येक सुधारणा सांगावी. न सांगितलेली डिस्कसुद्धा दाव्याच्या वेळी अंगाशी येते. सक्ती नसली तरी वेल्डिंग झाल्यावर स्वखुशीने एमओटी करून घ्या. दुसऱ्या माणसाने, चांगल्या उजेडात, लिफ्टवर आपले काम पाहिलेले केव्हाही चांगले.

ए-सिरीजप्रेमी (बर्मिंगहॅम)

इंजिनाबद्दल मी थोडा विरोधी सूर लावतो. आपले १०९८ चांगले चालत असेल तर त्याला हात लावू नका. ४.२२ गियर गुणोत्तराच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ताशी ६० मैलांना ते साधारण मिनिटाला साडेतीन ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यान फिरते. आवाज होतो, पण इंजिन मरत नाही. १२७५ घ्यायचेच तर मॉरिस मरिना, इटाल किंवा एमजी मिजेट यांचे उभे (गाडीच्या लांबीत) बसणारे इंजिन शोधावे. मिनी किंवा मेट्रोचे इंजिन आडवे बसत असल्यामुळे त्याची मागची प्लेट, फ्लायव्हील असे बरेच बदलावे लागते आणि स्वस्तात मिळालेले इंजिन महाग पडते. शिवाय जास्त ताकदीबरोबर ब्रेकचा आणि मागच्या हाफ शाफ्टचा (चाके फिरवणाऱ्या दांड्यांचा) प्रश्न येतो. पाच गियरसाठी लोक फोर्डचा टाइप नाइन गियरबॉक्स वापरतात. त्यासाठी मधला बोगदा कापून रुंद करावा लागतो आणि प्रोपेलर शाफ्टही नवा लागतो. मला विचाराल तर एवढी कापाकापी करण्यापेक्षा मागच्या अ‍ॅक्सलचा ३.९ गुणोत्तराचा डिफरन्शियल शोधावा. फेऱ्या सात-आठ टक्क्यांनी उतरतात. चढावर एक गियर लवकर पाडावा लागेल, तेवढे सहन करावे.

इथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. मायनरचे रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९४८ च्या उत्पादनापूर्वी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून ४ इंचांनी रुंद केली होती आणि बॉनेटवरची ती मधली सपाट पट्टी त्या कापणीचीच खूण आहे. म्हणजे मायनर कापण्याची परंपरा कंपनीनेच घालून दिली, असे म्हणायला जागा आहे!

पेट्रोलचे म्हणाल तर साध्या ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्या त्याने सैल होतात आणि गळू लागतात. गळती एक्झॉस्टच्या वरच होते, हे लक्षात ठेवावे. सर्व नळ्या आर-९ (इथेनॉल सहन करणाऱ्या) दर्जाच्या घ्याव्यात आणि शक्य तेव्हा सुपर पेट्रोल वापरावे. गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नये. शिसे नसलेल्या पेट्रोलमुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका हळूहळू आत जातात. संथ चालवणाऱ्याला बरीच वर्षे काही जाणवत नाही. महामार्गावर सतत पळवणाऱ्याने टॅपेटचे (व्हॉल्व्हजवळच्या फटीचे) अंतर, थंड इंजिनावर १२ थाऊ (०.०१२ इंच), वारंवार तपासावे. ते एकाच सिलिंडरवर पुन्हा पुन्हा कमी होऊ लागले की हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवण्याची वेळ आली असे समजावे.

सोअरकाठचा (लेस्टर)

इंजिन आणि गियरबॉक्स यादीतून काढले. फिटरकाका, एकच विचारायचे राहिले. डावीकडचा ट्रनियन आधी बदलू, की आधी क्रॉसमेंबरचे वेल्डिंग करू?

जुना फिटर (पुणे)

दोन्ही एकाच वेळी करावे लागेल. क्रॉसमेंबरचे डावे टोक कापायचे तर बारचा पीळ आधी उतरवायलाच हवा, आणि तो उतरला की ट्रनियन आपोआप मोकळा होतो. चाकाच्या कमानीची कड जमिनीपासून दोन्ही बाजूंना किती उंच आहे, ते हात लावण्यापूर्वी मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. मग डाव्या आर्मखाली जॅक घेऊन जोडण्या सोडा, जॅक सावकाश उतरवून पीळ जाऊ द्या आणि बार बाहेर काढून कापडात गुंडाळून ठेवा. वेल्डिंग, प्रायमर आणि रंग झाल्यावर नवा ट्रनियन, नवी पिन आणि रबरी बुश घालून जोडणी करा. बुशचे नट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत आवळले तर रबर पहिल्याच महिन्यात फाटते. काही मैल चालवून मग पुन्हा उंची मोजा. डावी बाजू खाली आली असेल तर मागच्या लिव्हरवर ती वाढवता येते. उजव्या बाजूला आवाज नसला तरी तिथली पिन एकदा काढून आटे डोळ्यांनी पाहा आणि ब्रेकची नळी चाकाबरोबर वळताना कुठे ताणली जात नाही ना, हे दोन्हीकडे स्टिअरिंग पूर्ण वळवून तपासा.